“आता कुठं राहिलाय भेदभाव?”



गेल्या महिन्यात प्लॉटच्या कामासाठी तालुक्याच्या एका कचेरीत गेलो होतो. बरोबर बाबा होते. कुठली कचेरी, कोण साहेब, ते लिहीत नाही. एका साहेबाची ही गोष्ट नाही. बाहेर भिंतीला आपलंच पत्रक चिकटवलेलं होतं, ‘आदिवासींवरचा भेदभाव बंद करा’. साहेबांनी ते वाचलं होतं. मला म्हणाले, “बसा. तुम्ही लोक अजून तेच जुनं उगाळता. आता कुठं राहिलाय भेदभाव? आमच्याकडे तुमच्यातलेच दोघं कामाला आहेत, आम्ही एकत्र बसून डबा खातो.” मग दाराकडे बघून म्हणाले, “ए, तू मधे काय उभा राहिलास? बाजूला हो. अंगठा कुठं लावायचा ते नंतर सांगतो.”

बाबा सत्तरीला आलेत. साहेब पस्तिशीचे असतील. माझ्या अंगात पँट-शर्ट आणि खिशाला पेन, म्हणून मला खुर्ची आणि ‘तुम्ही’. बाबांच्या कमरेला लंगोटी, म्हणून त्यांना दार आणि ‘तू’. आणि बाबांना सही येते. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात रात्री कंदिलाखाली बसून शिकलेत ते. अंगठ्याचं साहेबांनी नुसतं बघून ठरवलं.

साहेब खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. त्यांना खरंच वाटतं की भेदभाव संपला. एका दमात दोन्ही गोष्टी त्यांच्या तोंडून निघाल्या आणि त्यांना काही जाणवलंच नाही. मला वाटलं बाबांनाही जाणवलं नसेल. परत येताना एसटीत म्हणाले, “तुझ्यापुरता साहेब सुधारला. माझ्यापुरता होता तसाच हाय.”

हे एवढंच असतं तर बुलेटिनचा कागद आणि शाई मी त्यावर घातली नसती. पण साहेबांचं हेच वाक्य आपल्या देशाच्या सरकारने सगळ्या जगापुढे उभं राहून म्हटलेलं आहे. ते का म्हटलं, आणि त्याचा आपल्या वावराशी काय संबंध, ते नीट समजून घ्यायला पाहिजे. कारण ३० सप्टेंबर जवळ आलाय.

गेल्या वर्षी, २००१ च्या ऑगस्ट अखेरीला, दक्षिण आफ्रिकेत दरबान शहरात युनोची मोठी परिषद भरली. विषय होता वंशभेद. म्हणजे माणसाचा रंग, कूळ, जन्म बघून त्याला खालचा ठरवायचं, आणि खालचा ठरवला की त्याची जमीन, त्याची मेहनत, त्याची इज्जत घ्यायची. आपल्याकडचे दलित भाऊ-बहिणी मोठ्या संख्येने तिथं गेले आणि म्हणाले, आमच्या देशातला जातीचा भेदभावसुद्धा ह्या ठरावात लिहा. भारत सरकार आडवं आलं. म्हणालं, जात म्हणजे वंश नाही, हा आमच्या घरातला विषय आहे, आमच्या घटनेने भेदभाव बंद केलेला आहे. शेवटी जातीचा शब्द त्या ठरावात येऊ दिला नाही.

आता शास्त्र सांगतं की माणसांत वेगवेगळे वंश नाहीतच, सगळ्यांचं रक्त एक. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. पण हे सांगायचं कोणाला? मार खाणाऱ्याला, का मारणाऱ्याला? काठी सागाची होती का ऐनाची, यावर शहाणी माणसं परिषदेत वाद घालतात. पाठीवर वळ दोन्हीचा सारखाच उठतो.

आणि गंमत बघा. वंशभेदाच्या विरोधात जगातल्या देशांनी १९६५ साली एक करार केला. त्याच्या पहिल्याच कलमात वंश आणि रंग यांच्या जोडीला ‘जन्मकूळ’ हा शब्द आहे. तो घालायची सूचना कोणाची होती? भारताची! १९६८ ला आपल्या सरकारने तो करार मान्य केला. १९९६ ला त्या कराराच्या कमिटीने विचारलं, तुमच्या अनुसूचित जाती-जमातींचं काय? तर सरकार म्हणालं, त्यांचा विषय ह्या करारात बसत नाही. कमिटीला ते पटलं नाही. गेल्या महिन्यात, ऑगस्टमध्येच, कमिटीने पुन्हा लिहून सांगितलं आहे की जन्मावरून आणि जातीवरून होणारा भेदभाव यात येतो. ज्याने खुंटी ठोकली तोच आता म्हणतो, माझी टोपी इथं टांगू नका.

आपल्या आदिवासींच्या बाबतीत तर आणखी पुढची पायरी. जिनिव्हाला युनोमध्ये मूळनिवासी लोकांच्या बैठका होतात. ९ ऑगस्टला आपण तालुक्याला मिरवणूक काढतो तो दिवस युनोने त्या लोकांसाठीच ठरवलेला आहे. त्या बैठकांत आपलं सरकार सांगतं की भारतात मूळनिवासी असे वेगळे कोणी नाहीत, सगळेच मूळचे. मुंबईचा शेठ पण मूळचा, तुम्ही-आम्ही पण मूळचे. मग भांडण कसलं, हक्क कसला?

बरं, वेगळे नाही म्हणता, तर आम्हाला ओळखता कसं? तेही सांगतो. त्याच १९६५ साली दिल्लीने लोकूर कमिटी नेमली होती, कुठल्या जमातीला अनुसूचित जमात म्हणायचं ते ठरवायला. कमिटीने पाच खुणा सांगितल्या. आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, दूर एकीकडे राहणं, बाहेरच्या समाजात मिसळायला बुजणं, आणि मागासलेपण. सरकार अजून ह्याच खुणा लावतं. इंग्रजांच्या काळात रिस्ले नावाचा साहेब, १९०१ च्या शिरगणतीचा मुख्य, माणसांच्या नाकाची मापं घेऊन कोण वरचा कोण खालचा ते ठरवायचा. आताचे साहेब नाक मोजत नाहीत, लाज मोजतात.

बुजणं म्हणे! आमचे आजे जमीनदाराच्या वाड्यावर वेठीला ओढून नेले जायचे. लग्नाला चार पैसे घेतले की नवरा-नवरी दोघं जन्माचे लग्नगडी व्हायचे. १९४५ च्या ऑक्टोबरात लोक तलवाड्याला जमले, तर पोलिसांनी गोळ्या घातल्या, जेठ्या गांगड तिथं पडला. त्याच्यानंतर बाहेरचा माणूस पाड्यात आला आणि बाया घरात शिरल्या, तर त्याची नोंद ‘ह्या लोकांना मिसळायला लाज वाटते’ अशी झाली. आपल्याला जे केलं, ते आपलाच स्वभाव म्हणून कागदावर चढलं.

तसंच ते ‘वनवासी’ नाव. गोड बोलून देतात. घटना लिहायला बसलेल्या सभेत जयपालसिंह मुंडा आदिवासी ह्या शब्दासाठी भांडले, ते काय उगाच नाही. आदिवासी म्हटलं की कोण आधी होतं हा प्रश्न येतो. वनवासी म्हटलं की नुसतं कुठं राहतो एवढंच उरतं. वनवास ही तर शिक्षा असते. राम चौदा वर्षांनी घरी गेला. आपण कुठल्या घरी जायचं? आणि वनवासी म्हणणारेच वनात राहिलो की हाकलायला येतात!

आता मुद्द्याचं. नाही-नाही म्हणून त्यांचा फायदा काय?

एक फायदा तर रोज दिसतो. आपल्यावर काही अन्याय झालाच नाही असं एकदा धरलं, तर आपली ही दशा का, याला उत्तर द्यावं लागतं. मग दोष आपल्यातच शोधतात. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत पोरं भुकेने खंगून मेली. सगळीकडे गवगवा झाला. आणि आपण काय काय ऐकलं? दारू पितात, भगताकडे जातात, पोरं जास्त करतात, आळशी आहेत. दिवाळीला घर बंद करून वीटभट्टीवर जाणारा आणि पावसाच्या तोंडाला परत येऊन राबावर बी टाकणारा माणूस आळशी! रेशन का पोचलं नाही, डॉक्टर का नव्हता, रोजगार हमीचे पैसे का थकले, हे विचारलं की विषय बदलतो.

दुसरा फायदा जमिनीचा, आणि खरा हाच आहे.

१८७८ चा जंगल कायदा इंग्रजांनी केला. रेघ मारली आणि रेघेच्या आतलं राखीव. आत कोण राहतो, कोण राब जाळतो, कोणाची नागली उभी आहे ते विचारायची रीत कायद्यात होती, पण आपल्या आज्यांना नोटीस कोण वाचून दाखवणार? ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यात इतकी ओरड झाली की सरकारला कमिशन नेमावं लागलं, १८८७ ला त्याचा अहवाल आला. मग १९२७ चा कायदा, तो अजून तसाच चालू आहे. साहेब गोरा होता तो काळा झाला, पण रेघ हलली नाही. आणि रेघेच्या आत आपल्या आज्याने मोडलेल्या जमिनीवर आपण आज नांगर धरला तर कागदात नाव काय? अतिक्रमणदार.

ज्या दरबानमध्ये सरकारने हात झटकले, त्याच देशाकडे बघा. तिथं गोऱ्यांनी १९१३ साली जमिनीचा कायदा केला. काळे लोक देशात तीनातले दोन, पण त्यांच्या वाट्याला सुमारे ७ टक्के जमीन ठेवली. बाकी ठिकाणी काळ्याने जमीन घ्यायची नाही. पुढे १९५१ ला घुसखोरी बंद करायचा कायदा आणला आणि काळ्यांच्या झोपड्या पाडल्या. बापजाद्यांच्या जागेवर राहणाऱ्याला घुसखोर म्हटलं. ओळखीचं वाटतं ना? आपला देश तेव्हा त्या गोऱ्यांच्या विरोधात बोलणाऱ्यांत पहिला होता, १९४६ ला त्यांच्याशी व्यापार बंद केला. ते चांगलंच केलं. दूरचा अन्याय आपल्या सरकारला फार लख्ख दिसतो.

मग १९९४ ला मंडेलांचं सरकार आलं. त्यांनी जमीन परत द्यायचा कायदा केला. तारीख कुठली धरली? १९ जून १९१३. म्हणजे ज्या दिवशी चोरीचा कायदा झाला तो दिवस. त्या दिवसानंतर वंशाच्या नावाखाली ज्याची जमीन हिसकावली, त्याला दावा करता आला. तिकडे सगळं आबादीआबाद झालंय असं मी म्हणत नाही. दावे रेंगाळलेत, बरीचशी शेती अजून गोऱ्यांकडेच आहे. पण तारीख बघा. सरकारने स्वतः लिहून दिलं की चूक त्या दिवशी झाली आणि ती आमच्या राज्याने केली.

आपल्याकडे तारीख कुठली? महाराष्ट्रात ३१ मार्च १९७८. दिल्लीच्या हिशोबात २५ ऑक्टोबर १९८०. ह्या तारखा जमीन हिसकावल्याच्या नाहीत. त्या तारखेच्या आधीपासून तू गुन्हा करत होतास का, दाखव पुरावा, मग तुझा गुन्हा माफ करू, असा त्याचा अर्थ. तिकडे चोरीच्या दिवसापासून मोजतात आणि इकडे ज्याची चोरी झाली त्यालाच विचारतात, तू कधीपासून घुसलास! भेदभाव झालाच नाही असं म्हणणारा माणूस जमीन परत देऊ शकत नाही, तो फार तर मेहरबानी करतो. आणि मेहरबानी ज्याने केली तो ती कधीही काढून घेतो.

३ मे च्या पत्रात हेच झालं आहे. दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयाने सगळ्या राज्यांना लिहिलं की देशात साडेबारा लाख हेक्टर जंगलावर अतिक्रमण आहे, जे नियमात बसत नाही ते ३० सप्टेंबरपर्यंत काढा. गार्ड पाड्यात येऊन सांगतात, सुप्रीम कोर्टाचा हुकूम आहे. कोर्टाने २३ नोव्हेंबर २००१ ला अतिक्रमणं नियमात बसवायला मनाई केली, ते खरं. पण लोकांना हाकला असं त्यात नाही. हाकला हे मंत्रालयाने आपल्या मनाने लिहिलं. भात पोटरीत आलंय, वरई-नागली उभी आहे, आणि तारीख नेमकी हीच मिळाली.

जंगल वाचवायचं म्हणतात. धामणीच्या धरणाखाली जे जंगल गेलं ते काय आपण तोडलं? कूप तोडून ट्रक भरून लाकूड गेलं, त्या ट्रकवर बाबा मजूर होते, मालक नव्हते. देशात शंभरात आठ माणसं आदिवासी. पण धरणं, खाणी, अभयारण्यं यांनी उठवलेल्यांत शंभरात चाळीस आदिवासी असावेत असा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज आहे. हा आकडा नुसता योगायोगाने येत नाही.

कोणी म्हणेल, तुम्हाला राखीव जागा आहेत, खावटी आहे, आश्रमशाळा आहे. एका ओळीत उत्तर देतो. राखीव जागा देता म्हणजे भेदभाव होता हे कबूल करता, आणि मग जमिनीच्या वेळेला तो कबूल का नाही? यापुढे त्या वादात वेळ घालवू नये.

इथपर्यंत वाचून तुम्ही माना डोलावल्या असतील. आता जे लिहितो ते कडू लागेल, पण लिहिल्याशिवाय हा अंक पुरा होत नाही.

आमच्या पाड्यावर आम्ही वारली जास्त, थोडे कोकणा, आणि ओढ्याच्या पलीकडे कातकऱ्यांची चार घरं. गेल्या उन्हाळ्यात विहीर आटली तेव्हा कातकरी बाईला हंडा बाजूला ठेवून थांबायला सांगितलं. आधी आमच्या बायांनी भरलं. मी तिथंच होतो आणि गप्प बसलो. नंतर पाड्याच्या बैठकीत मी विषय काढला तर आमचाच एक जाणता माणूस म्हणाला, “आपल्यात असं काय नाय. ते लोकच लांब राहतात, लाजतात.” मला साहेबांची कचेरी आठवली. लोकूर कमिटी पण आठवली. आमच्या जाणत्या माणसाने ती कधी वाचली नव्हती, तरी शब्द तोच आला.

आणि हे विहिरीवरच थांबलं नाही. दाव्यांची यादी आम्ही पाड्यावर बसून केली. बेचाळीस नावं झाली. यादी घेऊन तालुक्याला गेलो तेव्हा बाबांनी विचारलं, पलीकडची चार घरं कुठं आहेत? कोणी मुद्दाम गाळली नव्हती. कोणाला आठवलीच नाहीत. “त्यांचं काय, आज हितं, उद्या भट्टीवर.” सरकार आपल्याबद्दल जंगलात नेमकं हेच म्हणतं, की ह्यांचं काय, आज इथं राब, उद्या तिथं राब, ह्यांची जमीन कसली. चारही घरं ओढ्याकाठी वरकस जमिनीवर नाचणी पेरतात. त्यांच्यातली म्हातारी सांगते की तिच्या लग्नाच्या आधीपासून तिथं तिच्या सासऱ्याचं खळं होतं. तिच्याकडे दंडाची पावती एकही नाही. गार्डने त्यांना कधी पावती फाडलीच नाही. पावतीला पैसे लागतात. त्यांच्याकडून तो कोंबडी न्यायचा.

कोंबडीची पावती नसते. आपल्यातल्या पुष्कळ घरांची पण हीच अडचण आहे.

तेव्हा कामाचं सांगतो. १८ सप्टेंबर १९९० ला दिल्लीच्याच मंत्रालयाने सहा परिपत्रकं काढली होती. त्यात अतिक्रमणांचं परिपत्रक वेगळं आहे, आणि जंगल राखीव करताना हक्क नीट न ठरवल्यामुळे जे वाद राहिले त्या ‘वादग्रस्त दाव्यांचं’ परिपत्रक वेगळं आहे. म्हणजे दोन्ही एक नाहीत हे सरकारच्याच कागदावर आहे. आजपर्यंत आपण अर्जाच्या वर ‘अतिक्रमण नियमित करण्याबाबत’ असं लिहीत आलो. छापील नमुना तसा मिळायचा आणि आपण भरायचो. आपल्याच हाताने गुन्हा कबूल करत आलो. आता ते शब्द खोडायचे. वर लिहायचं, ‘वडिलोपार्जित कसत असलेल्या जमिनीवरील हक्काबाबत, वादग्रस्त दावा’. कारकून म्हणेल नमुन्यात बसत नाही. त्याला सांगायचं, तसं लेखी दे, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही.

येत्या रविवारी सकाळी भात बघून आलं की सगळ्यांनी शाळेच्या ओट्यावर जमायचं आहे. दंडाच्या पावत्या, एकसाली पट्टे, जुन्या केसचे कागद, जे घरात पत्र्याखाली खोचलेलं असेल ते घेऊन या. उंदरांनी खाल्लेलं असलं तरी आणा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी म्हातारी माणसं आणा, ती जे सांगतील ते आपण लिहून घेऊ, दोन साक्षीदारांच्या सह्यांसकट. जुनी झाडं, देवाची जागा, खळं, पुरलेली माणसं, बांध, सगळं लिहायचं. यादी पहिल्यापासून पुन्हा करणार आहोत. ओढ्यापलीकडच्या चार घरांना मी आणि बाबा शनिवारी रात्री जाऊन सांगून येतो. लिहायला त्यांच्यापासून सुरुवात होईल, कारण दिवाळी झाली की त्यांना उचल घेतलेल्या भट्टीवर जायचं आहे.

शाळेच्या विहिरीला सध्या पाणी आहे. तरी हंडे घरून भरून आणावेत.